साध्या पेट्रोलवर श्रीवर्धन

परत येऊन तीन आठवडे झाले. गाडीच्या काचेवर खाऱ्या वाऱ्याचा पांढरट थर अजून आहे. तो मी मुद्दाम पुसलेला नाही. मैत्रिणी विचारतात, काय पाहिलंस? मी एवढंच म्हणते, समुद्र. बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं, म्हणून हे सावकाश लिहिते आहे.

रायगडचा किनारा मुंबईकरांना इतका जवळ आहे की तो पाहायचा राहूनच जातो. आम्हीही तेहतीस वर्षं 'पुढच्या जानेवारीत' असं म्हणत राहिलो. माझा नवरा, सुधीर, गेल्या मे महिन्यात गेला. ह्या जानेवारीत, संक्रांत उलटल्यावर, मी एकटीच निघाले.

निघण्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमची गाडी लहान, पांढरी, अकरा वर्षांची. बाजारहाट आणि नातेवाईक यांच्यापलीकडे तिने फारसं जग पाहिलेलं नाही. पण सुधीरने तिच्यात कधी साधं पेट्रोल घातलं नाही. कायम प्रीमियम. त्यासाठी घराजवळचा पंप सोडून तो तीन सिग्नल पलीकडे जायचा. मी एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. छापील पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, ही माझी खोड. गाडीसोबत आलेलं पुस्तक त्याच्यापुढे धरून मी म्हणायची, "दाखव, कुठे लिहिलंय प्रीमियम घाला म्हणून?" तो म्हणायचा, "पुस्तक लिहिणाऱ्याने आपल्या गाडीचा आवाज ऐकलेला नाही." ह्या भांडणाचा आम्हा दोघांना कधी कंटाळा आला नाही.

शेवटच्या आठवड्यात इस्पितळात मी गाडी चालवत जात-येत होते. एका दुपारी तो डोळे उघडून म्हणाला, "गाडीत साधं पेट्रोल घालू नकोस." मी म्हटलं, "नाही घालणार." त्यानंतर तो चार दिवस होता. त्याने पाणी मागितलं, किती वाजले ते विचारलं, पण दुसरं काही कर म्हणून सांगितलं नाही. त्यामुळे तेवढी एकच गोष्ट माझ्याजवळ उरली. आठ महिने मी ती पाळली. तीन सिग्नल पलीकडे जात राहिले.

मांडवा

भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट बोटीत चढता येतं हे मला वाचून ठाऊक होतं. प्रत्यक्षात गाडी त्या लोखंडी पोटात शिरते तेव्हा पाय आपसूक ब्रेकवर जातो. आत एक माणूस हातांनी खुणा करत गाड्या इतक्या चिकटून लावत होता की मला दारातून तिरकं होऊन बाहेर पडावं लागलं. "आजी, ब्रेक ओढला ना? गियरमध्ये ठेवा," तो म्हणाला. मला आजी म्हणणारा हा पहिला अनोळखी माणूस. वर जाऊन मी कठड्याशी उभी राहिले.

तासभर काही वाचलं नाही, हे माझ्या बाबतीत नमूद करण्यासारखं आहे. समुद्रपक्ष्यांचा थवा बोटीच्या बरोबरीने उडत होता. पंख न हलवता, हाताच्या अंतरावर, डोळ्यांची लाल किनार दिसावी इतक्या जवळ. मागे शहर धुरकट होत होत एका रेघेएवढं झालं. ज्या शहरात मी सारं आयुष्य काढलं, ते एका रेघेत मावतं हे मला साठाव्या वर्षी कळलं.

मांडव्याला उतरताना इंधनाच्या काट्याकडे लक्ष गेलं. सहापैकी दोन घरं उरली होती. घरून निघतानाच भरायला हवं होतं, पण बोटीची वेळ गाठायची होती. म्हटलं, अलिबाग जिल्ह्याचं ठिकाण आहे, तिथे मिळेलच.

थळ ते कोर्लई

थळच्या अलीकडे खतकारखान्याची धुराडी दिसतात आणि त्यांच्याच पायाशी बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील. एका बाजूला आकाशाला टेकणारा पांढरा धूर, दुसऱ्या बाजूला बांबूंवर दोन-दोन करून लटकवलेले मासे, आणि दोन्हींकडे पाठ करून जाळं विणत बसलेली माणसं. मी गाडी बाजूला घेऊन पाहत राहिले. वासाची पाच मिनिटांत सवय होते.

अलिबागच्या पंपावर बाई होत्या, खाकी शर्टात, केसात अबोलीचा गजरा.

"प्रीमियम संपलं, मॅडम. संध्याकाळी टँकर येईल. साधं देऊ?"

"नको."

रेवदंड्याच्या पंपावर तर माझी चेष्टाच झाली. तिथल्या काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप मारली. "हिला प्रीमियम? बाई, साधं घाला आणि राहिलेल्या पैशात पापलेट खा. गाडी न्हाय सांगणार कुणाला." रांगेतले दोघे हसले. मीही हसले आणि तशीच निघाले. माझ्या हातून शब्द मोडवू पाहणारा माणूस पापलेटाचं नाव काढील असं वाटलं नव्हतं.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. डोंगराच्या नाकाडावर किल्ला, पायथ्याशी गाव. एका गल्लीत दोन बायका दगडी गडग्यावरून गप्पा मारत होत्या आणि मला एकही शब्द कळेना. कोकणी नाही, गुजराती नाही. चढउतार आपल्यासारखे, शब्द भलतेच. ह्या गावात जुन्या पोर्तुगीजातून आलेली भाषा बोलतात हे मी एका जाडजूड ग्रंथात वाचलं होतं, आणि तो ग्रंथ मी स्वतःच्या हाताने कपाटात लावला होता. ती भाषा एखाद्या बाईच्या तोंडून, हातात कोथिंबिरीची जुडी असताना ऐकू येईल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

मी विचारलं, "ही कुठली भाषा?"

"आमची घरची."

"तिला नाव काय?"

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "नाव कशाला? आपली म्हणतो." मग धाकटीने मला शुद्ध मराठीत कोथिंबिरीचा भाव सांगितला.

मला तिथून हलवेना. तीन-चारशे वर्षं मूठभर घरांनी एक भाषा टिकवली. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. सकाळी उठून बोलत राहिले, एवढंच.

रात्री मुरुडला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मिळाली. आमच्या मुलुंडच्या घरी बिरड्यात गूळ पडतो. इथे ओल्या नारळाच्या रसावरच भागवतात, आणि मला कबूल करायला हवं की हेच बरोबर आहे. सकाळी मुरुडच्या पंपावरही विचारून पाहिलं. "इथे ते येतच न्हाय. मागतंय कोण?" हे उत्तर मिळालं. काट्याचं एकच घर उरलं होतं.

आगरदांडा, दिघी

खाडीच्या तोंडाशी पुन्हा गाडी बोटीत घातली. पलीकडे जंजिऱ्याची तटबंदी पाण्यातूनच उगवल्यासारखी. लांबून तिला दरवाजा दिसतच नाही, असं म्हणतात ते खरं आहे. मी पूर्ण वेळ शोधत होते. दिघीला उतरले तेव्हा काट्याचं शेवटचं घर लुकलुकू लागलं होतं. शहाण्या माणसाने इथे चौकशी करून बाटलीतलं का होईना, पेट्रोल घेतलं असतं. मी श्रीवर्धनला मिळेल अशी आशा धरली. खरं सांगायचं तर मी हिशेब करणं सोडून दिलं होतं. शब्द मोडायची पाळी येण्यापेक्षा गाडी बंद पडलेली बरी, अशा टोकाला मी कधी पोचले ते माझं मलाच कळलं नाही.

शेखाडी

दिवेआगर सोडून आरावीच्या पुढे रस्ता समुद्राच्या काठाला लागतो आणि मग त्याला सोडतच नाही. एका बाजूला तांबडा डोंगर, दुसऱ्या बाजूला हातभर कठडा आणि खाली पाणी. मध्ये एवढाच डांबराचा पट्टा. प्रत्येक वळणावर समुद्र वेगळ्या रंगाचा. एका वळणाला हिरवा, पुढच्याला पाटीसारखा करडा, त्यापुढच्याला नुसता उजेड. मी दुसऱ्या गियरमध्ये होते. मागून कुणी येत नव्हतं, पुढून कुणी येत नव्हतं. आणि चढावरच्या एका वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

साडेचार वाजले होते. फोनला रेंज नव्हती. मागच्या चाकांना दगड लावले आणि कठड्यावर बसले.

सुमारे दीड तास मी तिथे होते. त्या वेळाबद्दल लिहायचं तर शब्द अपुरे पडतात, आणि हे मी भरीला लिहीत नाही. भरती चढत होती. खाली काळे कातळ होते. लाट येऊन त्यांच्यावर पांढरी पसरायची आणि परत जाताना शेकडो ओहोळांनी, शेकडो आवाजांत उतरायची. पूर्ण उतरायच्या आत दुसरी यायची. कातळाला एकदाही पूर्ण कोरडं व्हायला मिळत नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती. एकटी बाई, बंद गाडी, मावळतीकडे कललेला दिवस. पण भीतीला जागाच नव्हती. इतकं मोठं काहीतरी इतक्या निर्विकारपणे चाललं होतं की मी असले-नसले तरी त्याला काही नव्हतं, आणि ह्या गोष्टीचा मला विलक्षण आराम वाटला. आठ महिन्यांत मी पहिल्यांदा पाठ सैल सोडून बसले.

मग एक स्कूटर आली. चालवणारा साठीचा, डोक्याला रुमाल. मागे त्याची बायको, मांडीवर रिकामी पाटी, नऊवारी कासोट्याची. भरडखोलचे कोळी. श्रीवर्धनला मासळी विकून घरी चालले होते.

"काय झाला बाय?" ती उतरता उतरता म्हणाली.

"पेट्रोल संपलं."

"आमचा नाखवा आणतो. जा रे नाखवा." नाखवा म्हणजे होडीचा मालक. नवऱ्याला ती ह्याच नावाने हाक मारत होती, अर्धी थट्टेने, अर्धी मानाने. तो जायला निघाला तर मी म्हटलं, "दादा, जरा थांबा. प्रीमियम मिळेल का कुठे? चांगलं पेट्रोल?"

नाखव्याने गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चांगलाच आणतो," तो म्हणाला आणि गेला.

बाईचं नाव हिराबाय. ती माझ्या शेजारी कठड्यावर बसली, कमरेची चंची सोडली, पान लावलं आणि विचारलं, "मालक कुठं हायत?"

मी सांगितलं. पेट्रोलचंही सांगितलं. का सांगितलं ते ठाऊक नाही. मुलीलाही मी ते सांगितलेलं नव्हतं.

तिने पान गालात सारलं. "म्हणजे त्यानं सांगितला म्हणून तू तीन पंप सोडून इथं डोंगरावर येऊन बसलीस."

"हो."

"येडी हायस." हे तिने अगदी मायेने म्हटलं. "आमचा नाखवा मला सांगून गेला ना, की हिरा, दुसरा नवरा करू नको, तर मी बारावं झाल्यावर पहिला तेच करीन. जिता असताना कंधी ऐकला न्हाय त्याचा, मेल्यावर कशाला ऐकू?"

"तुम्ही त्यांचं ऐकत नाही?"

"एक शब्द न्हाय. तो म्हणतो आज बोंबील आण, मी मांदेली आणते. तेवढ्यावर तर चाललंय." ती पाण्याकडे बघत हसली. मग म्हणाली, "तू ऐकायचीस?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

"मग?"

वळणापलीकडून स्कूटरचा आवाज ऐकू आला.

नाखवा निळा कॅन घेऊन आला. बिसलेरीची बाटली कापून केलेलं नरसाळं लावलं आणि ओतता ओतता म्हणाला, "स्कूटरचा होता घरात, पण तो साधा. बाईला चांगला लागतो, म्हणून होडीचा आणला. ह्यात भारीवाला ऑइल टाकलेला हाय. मशीन कसा मऊ चालतो." तो खुशीत होता. मला 'चांगला' एवढंच ऐकू आलं. मी पर्स उघडली तर हिराबायने माझा हात धरला. "दर्यात कुणी अडकला तर तेल विकत न्हाय कुणी. तू दर्यात न्हाय, पण काठावर हायस ना."

गाडी सुरू झाली. पहिल्याच वळणावर आरशात निळसर धूर दिसला. मला वाटलं, मागे कुणीतरी पालापाचोळा पेटवला असेल. पुढच्या वळणावरही तो होताच.

श्रीवर्धन

शैलाताई सुपारीच्या वाडीत दोन खोल्या भाड्याने देतात. मी आवारात शिरले तेव्हा त्या पदर नाकाला लावून बाहेर आल्या. "अहो, ही गाडी की डासांवर फवारायचं मशीन?"

पुढचा दिवस मी गाडीला हात लावला नाही. पंपावर पायीच जाऊन विचारलं, तर प्रीमियम इथेही नव्हतं. सुपारीच्या बागेत चालत राहिले. सरळसोट, बारीक, घरापेक्षा उंच खोडं, आणि वर हिरव्या छतातून ऊन गळून खाली नाण्याएवढं होऊन पडलेलं. मधून पाटाचं पाणी. वाऱ्याबरोबर सगळी झाडं थोडी थोडी झुलतात आणि एकमेकींना लागत नाहीत. शैलाताईंनी उकडीचे मोदक केले. आमच्याकडे ते चतुर्थीपुरते असतात. इथे पाहुणा आला हेच निमित्त पुरतं. रात्री त्या म्हणाल्या, "म्हसळ्याला इस्माईलभाईंकडे जा. दुबईत मोठमोठ्या गाड्यांचं काम केलेला माणूस आहे. मुंबईला ह्या धुरात जाऊ नका. टोलनाक्यावर धरतील तुम्हाला."

म्हसळा

इस्माईलभाई सत्तरीला आलेले, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी टाकीचं झाकण काढलं, वाकून एकदा वास घेतला आणि माझ्याकडे बघून हसले.

"बहेन, ह्यो होडीचा पेट्रोल कुणी घातला?"

मी सांगितलं. ते हसतच राहिले. "बिचाऱ्याने आपल्याकडचा सगळ्यात चांगला दिला तुम्हाला. होडीच्या मशीनला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला लागतो. तुमच्या गाडीला तो नको. काय बिघडला नाय. वरून पेट्रोल भरा, धूर जाईल."

"प्रीमियम मिळेल इथे?"

"म्हसळ्यात? नाय. माणगावला, हायवेवर मिळेल कदाचित. तिथवर पोचाल तुम्ही, टाकीत तेवढा आहे. पण प्रीमियम कशाला?"

मी म्हटलं, "माझे यजमान तेच घालायचे."

ते स्टुलावर बसले, मलाही एक खुर्ची दिली. फडक्याने बोटं पुसत त्यांनी जे सांगितलं ते इतकं सोपं होतं की तेहतीस वर्षांत आमच्यापैकी कुणी ते विचारलं कसं नाही, ह्याचं मला नवल वाटलं.

"बघा. इंजिन काय करतं? पेट्रोलची वाफ आणि हवा एका डब्यात कोंडतं आणि दाबतं. दाबतं, दाबतं, मग ठिणगी देतं. बरोबर वेळेला भडकला पाहिजे. कच्चा पेट्रोल असेल तर जास्त दाब सोसत नाय, ठिणगीच्या अगोदर आपोआप भडकतो. मग इंजिन टकटक करतं. प्रीमियमचा नंबर जास्त असतो. लोकांना वाटतं नंबर जास्त म्हणजे ताकद जास्त. ताकद नाय, बहेन. सबर जास्त. दाबला तरी वेळेपर्यंत थांबतो." मी ऐकत होते. "दुबईला माझ्याकडे गाड्या यायच्या, शेखांच्या. त्या लय दाबतात. त्यांना सबरवाला पेट्रोल पाहिजेच, साधा घातला तर रडतात. पण ही तुमची गरीब गाडी दाबतच नाय तितकी. तिच्या पुस्तकात जो नंबर लिहिलाय तो साध्यात असतो. वरचा सबर तिच्या कामाचा नाय. जसा आला तसा जळून गेला."

"म्हणजे काहीच उपयोग नाही?"

"त्यात सफाईची दवा असते थोडी. इंजिन आतून साफ राहतं म्हणतात. खोटा नाय म्हणणार मी. पण त्यासाठी रोज कशाला?" मग त्यांनी मान तिरकी केली. "ह्याच्या आधी कंची गाडी होती साहेबांची?"

"जुनी होती एक. आधीच कुणी वापरलेली."

"घाटात टकटक करायची?"

वरंधा घाट. आमच्या मुलीच्या, केतकीच्या वेळी मला पाचवा महिना होता. भर उन्हात चढावर त्या गाडीने डब्यात खडे हलवावेत तसा आवाज सुरू केला होता. सुधीर पांढराफटक पडला होता. बॉनेट उघडून, कान लावून तो उभा होता, आणि मी सावलीला दगडावर बसून त्याच्याकडे बघत होते. उतरून महाडला गेल्यावर कुणीतरी त्याला सांगितलं, चांगलं पेट्रोल घाला. त्याने घातलं. आवाज थांबला. ती गाडी विकली, ही घेतली. तो मात्र त्या घाटातून कधी बाहेर आलाच नाही.

"करायची," मी म्हटलं.

"मग त्या गाडीला त्यांचा बरोबर होता," इस्माईलभाई म्हणाले. "अगदी बरोबर. शिकलेला विसरले नाय, इतकाच."

आतून त्यांच्या बायकोने बशी पाठवली. पांढरीशुभ्र, जाळीदार, वाफेवर केलेली सांदणं, वर नारळाचं दूध. आमच्याकडे सांदण म्हणजे फणसाचं, पिवळं, उन्हाळ्यातलं. हे चवीला जरासं आंबूस आणि इतकं हलकं की चमच्याखाली राहीना. मी दोन खाल्ली, मग तिसरं मागितलं. मजुरी विचारली तर ते म्हणाले, "वास घेतला, त्याचे काय पैसे?"

गावाच्या टोकाला पंप होता. मी दोन मिनिटं बाहेर रस्त्याकडेला थांबले. माणगावपर्यंत जाता आलं असतं. धुरात, पण जाता आलं असतं, आणि तिथे प्रीमियम मिळालंही असतं. कुणी जबरदस्ती करत नव्हतं. नाखव्याच्या पेट्रोलबद्दल मी स्वतःला समजावलं होतं की ती अडचण होती, ते मोजायचं नाही. इथे अडचण नव्हती.

मी गाडी आत घेतली.

"साधं," मी म्हटलं. "टाकी भरा."

"झिरो बघून घ्या, मॅडम."

मी शून्य पाहिलं. मग आकडे पळू लागले. इतकी रिकामी टाकी मी कधी आणली नव्हती, त्यामुळे ते खूप वेळ पळत राहिले. छातीत काहीतरी होईल म्हणून मी दाराला धरून उभी होते. झाकण लागलं. मी किल्ली फिरवली. गाडी नेहमीसारखी सुरू झाली.

म्हसळ्यापासून माणगावकडे रस्ता चढतो. मी काचा खाली केल्या, पंखा बंद केला आणि कान देऊन गाडी चालवली. पहिल्या चढावर थोडा धूर, मग कमी, मग नाहीच. दोन्ही बाजूंना साग आणि मध्येच पेटल्यासारखा पांगारा. टकटक नव्हती. आवाज आणखी गोडही झाला नव्हता. जसा होता तसाच होता. अर्धा घाट चढले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गेल्या आठ महिन्यांत मी सुधीरशी एकदाही भांडले नव्हते. त्याचं सगळं मान्य करत आले होते. त्याच्या पुस्तकांचा क्रम, त्याच्या चहाची वेळ, त्याचा पंप. तेहतीस वर्षांत ज्या माणसाचं मी विनातक्रार एक वाक्य ऐकून घेतलं नाही, त्याचा मी भिंतीवरचा फोटो करून टाकला होता.

"तुझं चुकलं होतं," मी मोठ्याने म्हटलं. रिकाम्या गाडीत तो आवाज मला अनोळखी वाटला. "जुन्या गाडीला बरोबर होतं. हिला नव्हतं. मी तुला पुस्तक दाखवत होते."

आणि तो काय म्हणेल ते मला लगेच ऐकू आलं. शब्दन् शब्द, त्या चिडवणाऱ्या सुरासकट. त्यावर मी उत्तर दिलं. त्यालाही त्याचं उत्तर होतं. दवेचा मुद्दा त्याने काढलाच, आतून इंजिन साफ राहतं तो. मी म्हटलं, मग वर्षातून दोनदा घाल की. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं असेल तर त्याला एकटी म्हातारी बाई हातवारे करत बोलताना दिसली असेल. इतक्या महिन्यांत मला इतकी सोबत कधी वाटली नव्हती.

माणगाव येईपर्यंत आम्ही भांडत होतो. हायवेला लागताना डाव्या हाताला पंप होता, वर मोठी पाटी, प्रीमियम मिळेल. मी ती त्याला दाखवली आणि गाडी पुढे काढली.